एकाच स्टुडिओतले दोन ऑर्केस्ट्रा: पहिली एलपी कोणती घ्यावी?

व्हायोलिनचा मोठा ताफा, ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं) आणि पाय थिरकवणारा ठेका घेऊन गायकाविना सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावपूर्ण संगीत, वाजवणारे नवे बँड आज पुन्हा ऐकू येतात. त्यांचं एखादं रेकॉर्ड आवडलं आणि मुळाशी जावंसं वाटलं, तर दोन एलपी समोर येतात. एक एमएफएसबीची 'लव्ह इज द मेसेज' (१९७३) आणि दुसरी साल्सोल ऑर्केस्ट्राची त्याच नावाची पहिली (१९७५).

निवड अवघड आहे, कारण माणसं बरीचशी तीच आहेत. एमएफएसबी म्हणजे फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओतला वादकांचा संच. गॅम्बल आणि हफ या निर्माता जोडीच्या रेकॉर्ड कंपनीच्या गायकांना साथ करायची ती यांनीच. पुढे व्हायब्राफोनवादक व्हिन्स मोंटाना तिथून बाहेर पडले आणि न्यूयॉर्कच्या साल्सोल कंपनीसाठी त्यांनी वेगळा ऑर्केस्ट्रा उभा केला. ड्रमर अर्ल यंग, बासवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस ही मंडळी तिथेही आहेत, आणि स्टुडिओही सिग्माच.

मग फरक कुठे? ऐकायचा तो मांडणीत. एमएफएसबीकडे व्हायोलिनं गायकाची जागा घेतात. शीर्षकगीत नीट ऐका: पहिला भाग डौलदार, संथ वळणांचा. मग तंतुवाद्यं मागे सरतात, इलेक्ट्रिक पियानो एकच तुकडा धरून बसतो आणि सॅक्सोफोन त्यावर मोकळा सुटतो. खाली यंग यांचा बास ड्रम प्रत्येक मात्रेवर, आणि दोन मात्रांच्या मधोमध हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) उघडून लगेच मिटतो. पुढे डिस्को म्हणून जगभर गेलेला ठेका तो हाच. याच एलपीतलं 'टीएसओपी' हे 'सोल ट्रेन' या टीव्ही कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत, १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. दुसरी बाजू मात्र पुढे थोडी ढिली पडते. 'टच मी इन द मॉर्निंग' मला आजही नुसतं गोड वाटतं.

मोंटाना यांना एवढी उसंत नाही. काँगा आणि इतर लॅटिन तालवाद्यं पुढे येतात, ब्रास छोटे, टोकदार फटकारे मारतो आणि व्हायोलिनंही तालाच्या मागे धावतात. 'टँजरीन' हे १९४०च्या दशकातलं गाणं त्यांनी सरळ नाचायला लावलं. याच एलपीतल्या 'शिकागो बस स्टॉप'वरून पुढे रीमिक्सकार शेप पेटीबोन यांनी 'लव्ह ब्रेक' केलं. त्यातला ब्रासचा ०.२३ सेकंदाचा फटकारा मॅडोनाच्या 'व्होग' गाण्यात उचलल्याच्या आरोपावरून खटला झाला, आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयानं निकाल मॅडोनाच्या बाजूनं दिला. एवढासा फटकारा कोर्टापर्यंत पोचतो, यातच मोंटाना यांच्या ब्रासची ताकद कळते.

घरी बसून, दिवे मंद करून ऐकणार असाल तर एमएफएसबी घ्या. पार्टीत लावायचं असेल, किंवा तुम्ही स्वतः ढोलकी-तबला वाजवता आणि कान आधी तालाकडे जातो, तर साल्सोल. माझं मत विचाराल तर पहिली खरेदी एमएफएसबीचीच, आणि जोडीला रीमिक्सकार टॉम मोल्टन यांनी १९७७ मध्ये 'फिलाडेल्फिया क्लासिक्स'साठी लांबवलेलं तेच शीर्षकगीत. अकरा मिनिटांहून मोठं आहे, पण एक क्षणही जास्तीचा वाटत नाही.

बॅरी व्हाइट यांच्या लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राचं नावही कुणीतरी सुचवेल. त्यांच्या 'लव्ह्ज थीम'ची चाल अप्रतिम आहे, 'वा-वा' पेडलच्या गिटारसकट. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोवेकर अरेंजरांनी सजवलेल्या हिंदी गाण्यांवर वाढलेल्या कानांना तो व्हायोलिनचा भरणा चटकन आपलासा वाटेल. पण ते लॉस एंजेलिसचं, जास्त मखमली काम. नव्या बँडांचा ठेका कुठून आला हे शोधत असाल, तर ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.