मिरजेचा तानपुरा : साठीनंतर घ्यायचा असेल तर

निवृत्तीनंतर भजनाला बसायला लागलेली किंवा गाणं नव्यानं शिकू लागलेली मंडळी आधी पेटी घेतात आणि मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावतात. पैसे एकाच वाद्यावर घालायचे असतील, तर आमचं मत मिरजेच्या चार तारांच्या तानपुऱ्याला. त्याला बोटांची चपळाई लागत नाही. कान लागतो आणि रोज अर्धा तास स्वस्थ बसायची तयारी लागते.

सातारकरांना पुणे-मिरज रेल्वे आहेच, सांगलीकरांना तर मिरज शेजारी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी सतारमेकर गल्लीत शिरल्यावर नक्षीला भुलू नका. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कडू जातीचा असतो. तो आणि दांडी जिथं जोडलीय तिथं बोट फिरवून चीर लागते का बघा. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, हलकी टिचकी मारा, आवाज भरीव यायला हवा.

सगळ्यात मोठी चूक पट्टीत, म्हणजे गायच्या मूळ ‘सा’च्या उंचीत, होते. साठीनंतर बायकांचा आवाज बहुधा उतरतो. तरुणपणी पेटीच्या काळी चारला गायलेल्या बाईला आता पांढरी पाच किंवा काळी तीन बरी पडते. तारांची जाडी पट्टीप्रमाणे ठरते, म्हणून आजचा आवाज गाऊन दाखवूनच ऑर्डर द्या. भलत्या पट्टीचा तानपुरा ओढून ताणून लावला तर तारा तुटतात, ढिला लावला तर नुसत्या फडफडतात. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीत बसून तो मांडीवर आडवा घ्यावा. त्यासाठी लहान मापाचा सोयीचा.

लावायचा क्रम असा : आधी जोडाची, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी, एक तार पेटीच्या षड्जाला (‘सा’ला). दुसरी तिच्याशी जुळवताना आवाजात लाटा उठतात; त्या संथ होत थांबल्या की जोड मिळाला. मग खर्ज, म्हणजे खालच्या ‘सा’ची जाड तार, शेवटी पंचम (‘प’). खुंटीनं जवळपास आणायचं, उरलेला केसभर फरक घोडीखालच्या (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) मण्यानं काढायचा. मणी खाली सरकवला की स्वर चढतो. आता मधल्या बोटानं पंचम, तर्जनीनं उरलेल्या तिन्ही तारा, एकसारख्या संथ छेडा. तालात नको, आणि ओढून तर मुळीच नको.

नीट लागला असेल तर थोड्या वेळानं खर्जातून एक स्वर वर येतो, जो कुणी छेडलेलाच नाही. तो स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा ‘ग’. पेटीवरचा गंधार त्याच्याहून किंचित चढा असतो, शेजारी वाजवून पाहिलं की कळतं. नादब्रह्म हा शब्द कीर्तनात शंभरदा ऐकलेल्या माणसाला तो इथं कानानं तपासता येतो. पहिले काही महिने गंधार सापडत नाही, त्यात वाद्याचा दोष नसतो. कानाला यंत्र असेल तर मात्र वेगळी अडचण येते. लांबलेल्या स्वराला ते यंत्र शिट्टी समजून दाबतं, मग सूर थरथरल्यासारखा ऐकू येतो. यंत्र देणाऱ्याकडून संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम घालून घ्या.

जवारीवर, म्हणजे घोडीवर तार टेकून उठणाऱ्या झंकारावर, या वाद्याचा सगळा जीव आहे. घोडी आणि तार यांच्यामधला दोरा तांदळाच्या कणीएवढा सरकला तरी झंकार उघडतो किंवा मिटतो. तो सरकवायला घरी शिकावं. रोजच्या वाजवण्यानं घोडीवर तारांचे चर पडतात, आवाज मुका होतो आणि दोरा हलवून काही उपयोग होत नाही. तेव्हा कानस कारागिराच्याच हातात द्यावी. घरी पॉलिश पेपर घासून बिघडवलेल्या घोड्या पुढे बदलाव्याच लागतात. खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा की घोडी घासून जवारी कोण काढून देणार आणि किती दिवसांत. तिथं टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघावं.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात आकसून घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला फळ्यावरचा खडू चोळा, तेल चुकूनही नको. भोपळा उघड्या फरशीवर न ठेवता चुंबळीवर ठेवावा आणि खिडकीच्या उन्हापासून लांब. एसटीनं न्यायचा तर तारा थोड्या उतरवून, फायबरच्या पेटीतून. कापडी गवसणी गर्दीत भोपळा वाचवत नाही. बोटांच्या सांध्यांना सूज असेल तर गिटारसारख्या चाव्या बसवून मिळतील का, हे आगाऊ बोलून घ्या.