रिचमंड ऑलिम्पिक ओव्हल: स्पीड स्केटिंग आवडत असेल तर जाच

व्हँकुव्हरला राहत असाल किंवा फिरायला येणार असाल तर शेजारच्या रिचमंडमधलं हे स्पोर्ट्स सेंटर अजिबात चुकवू नका. २०१० च्या विंटर ऑलिम्पिकचं लाँग ट्रॅक स्पीड स्केटिंग (म्हणजे ४०० मीटरच्या बर्फाच्या ट्रॅकवरची स्केटिंगची शर्यत) इथेच झालं, आणि १०,००० मीटरला हॉलंडचा स्वेन क्रामर सगळ्यात फास्ट येऊनसुद्धा डिसक्वालिफाय झाला कारण कोचने ऐनवेळी चुकीच्या लेनमध्ये पाठवलं, गोल्ड गेलं कोरियाच्या ली सुंग-हूनला, १२:५८.५५ मध्ये. दर लॅपला आतली-बाहेरची लेन बदलायची, असे २५ लॅप, त्यात एकदा चुकलं की सगळी मेहनत पाण्यात, मला तर अजूनही त्याच्यासाठी हळहळ वाटते.

तो ४०० मीटरचा ट्रॅक आता नाहीये हे आधीच सांगते, म्हणजे हिरमोड नको. त्याजागी दोन आइस रिंक, कोर्ट्स, जिम वगैरे केलंय. पण छप्पर बघाच! किड्यांनी मारलेल्या पाइनच्या झाडांचं लाकूड वापरलंय, लाटांसारखं दिसतं, मान दुखेपर्यंत बघत राहावंसं वाटतं. ऑलिम्पिक म्युझियम पण आहे, पोरांना घेऊन जा. माझ्याकडून पाचपैकी पाच.