टर्फ भाड्यानं चालवायला घेतलं त्याचा रिव्ह्यू, ५ पैकी ३

आधीच सांगतो, टर्फचं (म्हणजे प्लास्टिकच्या गवताच्या ग्राउंडचं) नाव टाकणार नाही. मालक माणूस म्हणून चांगला आहे आणि कोल्हापूर एवढंसं आहे की कोण कुणाचा पाव्हणा निघंल सांगता येत नाही. ज्यांना कळायचं त्यांना फोटोशिवाय पण कळंल. लिहायचं कारण एवढंच की तासावर टर्फ देऊन भागेना झालं की मालक लोक "पूर्ण ग्राउंडच महिन्याच्या भाड्यानं घ्या, तुम्हीच चालवा, काय सुधारणा करायच्या त्या करा" अशी ऑफर देतात आणि छोटे क्लब, अकॅडमीवाले लगेच हुरळतात. आमच्या ओळखीतल्याच दोघांनी मला विचारलं, घेऊ का म्हणून. घ्या, पण हे वाचून घ्या.

आमचा क्लब म्हणजे काय मोठी टीम न्हवं, पेठेतली तेरा आणि पंधरा वर्षांखालची पोरं, दोन कोच, आणि हिशोबाची वही माझ्याकडं. कोल्हापुरात फुटबॉलला पोरं शोधावी लागत नाहीत, आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला अंडर सेव्हन्टीन वर्ल्डकपला खेळल्यापासून तर आईबापच हाताला धरून घेऊन येतात. अडतंय ते ग्राउंडपाशी. मॅच म्हटलं की सगळ्या पेठांना मिळून एक शाहू स्टेडियम, आणि सराव जिथं जागा मिळंल तिथं. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं हे शिवाजी पेठेतल्या कुणाला सांगायला नको. म्हणून म्हटलं आपलं हक्काचं काहीतरी असू दे.

ग्राउंड सेव्हन-अ-साइडचं, म्हणजे एका बाजूला सात-सात पोरं, शहराच्या हद्दीतच पण बाहेरच्या अंगाला, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला ऊस. भाडं महिना ४५ हजार, डिपॉझिट २ लाख, लाइटबिल आपलं, करार ११ महिन्यांचा. याच्याआधी नदीकडंचं एक बघितलं होतं, १२ हजारांनी स्वस्त, पण पूररेषेच्या आत. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसानं असल्या जागेचा विचारच करू नये. टर्फवर पाणी चढलं की पात्यांच्या मधी भरलेले रबराचे दाणे तरंगून जातात आणि गवताच्या मुळाशी गाळ बसतो, तो नंतर काय केल्या निघत नाही. त्यामुळं १२ हजार जास्त गेले तरी इथं डोक्याला ताप नाही, याला पूर्ण मार्क.

कराराचं पण सांगतो कारण इथं बरेच लोक पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळे होतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे असला ठराविक महिन्यांचा भाडेकरार, रजिस्टर करावाच लागतो, १९९९ च्या भाडे कायद्यात कलम ५५ आहे, आणि तोंडी ठरलेल्यावर भांडण झालं तर भाडेकरू जे सांगंल ते खरं धरायचं असं त्यातच लिहिलंय, म्हणजे रजिस्टर करण्यात खरा फायदा मालकाचाच आहे. खर्च पण काय लई नाही, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळून जी रक्कम येते तिच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. आमची साधारण तेराशे आली, वर शहरातली मिळकत म्हणून रजिस्ट्रेशनचे हजार. मालक जीएसटीत असला तर भाड्यावर १८ टक्के वर येतात, ते आधी विचारा, नाहीतर ४५ चे ५३ हजार कधी झाले कळायचं नाही.

आता ग्राउंड. लांबून बघितलं तर लई भारी, हिरवंगार, रात्री लाइटमध्ये तर फोटो असा येतो की विचारू नका. जवळ जाऊन गुडघ्यावर बसायचं आणि गोलच्या पुढं हात फिरवायचा. तिथं गवताच्या दोन रोलचा जोड साधारण हातभर उकलला होता, खालची टेप सुटलेली, बोट आत जात होतं. पळत्या पोराच्या बुटाचा स्टड (तळाचा खिळा) त्यात अडकला तर गुडघा गेलाच. दुसरं म्हणजे दाणे. मधल्या पट्ट्यात रबर इतकं कमी झालं होतं की पाती आडवी झोपलेली आणि वाळू दिसत होती, कडेला मात्र काळे ढीग. ब्रश फिरवून ते परत आत न्यायचे असतात, आठवड्यातनं एकदा तरी, पण रोज संध्याकाळी बॉक्स क्रिकेट चालणाऱ्या टर्फवर ते कोण करतंय? बॉलर जिथं पाय आपटतो आणि बॅट्समन जिथं उभा राहतो त्या दोन जागा तर टक्कल पडल्यासारख्या झाल्या होत्या. आणि वरची जाळी फाटलेली. बॉल उसात गेला की गेला, आणि शेजारचे काका बॉल देतात पण आधी अर्धा तास बोलून घेतात.

हे सगळं घेताना बघितलं होतं, मालकानं लपवलं नाही. त्याचं म्हणणं "भाडं कमी लावलंय, दुरुस्ती तुमच्याकडं". जोड आणि दाण्यांचे ८५ हजार, जाळीचे ६०. जोडाचं काम करणारा माणूस मात्र एक नंबर भेटला, पाऊस उघडून दोन दिवस कोरडे गेल्याशिवाय गोंद लावणार नाही म्हणाला आणि खरंच थांबला. आज पावसाळा काढून झाला, तो जोड हलला नाही. त्याला ५ पैकी ५.

खरी गंमत लाइटची. जुने ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे होते, आठ. ज्यांनी वापरलेत त्यांना माहीत आहे, बटण दाबल्यावर पूर्ण उजेड यायला पाच-सात मिनिटं, आणि मध्येच वीज एक सेकंद जरी गेली तरी दिवा गार झाल्याशिवाय परत पेटत नाही. म्हणजे तासाचे पैसे दिलेली पोरं अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून आपल्याकडं बघत उभी, आणि आपण त्यांना "होईल होईल" म्हणत चहा पाजायचा. २०० वॅटचे एलईडी लावायचे तर वायरिंगसकट ७२ हजार. बिल नऊ-दहा हजारावरनं साडेपाचच्या आसपास येणार, म्हणजे महिन्याला चारएक हजार वाचणार. आता भागाकार करा. ७२ भागिले ४, अठरा महिने. करार अकरा महिन्यांचा. म्हणजे लाइटचे पैसे फिटायच्या आत आपण बाहेर, आणि पुढच्याला मालक सांगणार "नवीन एलईडी आहेत, भाडं ५५".

सगळं घोडं इथंच पेंड खातंय, आणि हे फक्त आपल्या टर्फचं नाही, मोठमोठ्या क्लबांचं पण असंच आहे. लंडनच्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचं बघा. २०१२ च्या ऑलिम्पिकचं लंडन स्टेडियम त्यांनी २०१६ पासून ९९ वर्षांसाठी घेतलं, भाडं सुरुवातीला वर्षाला २५ लाख पौंड. ॲथलेटिक्सच्या स्टेडियमचं फुटबॉल ग्राउंड करायचा खर्च गेला ३२ कोटी ३० लाख पौंडांवर, त्यात क्लबनं घातले दीड कोटी, बाकी बहुतेक सगळा भार सरकारी पैशावर. त्यातली खुर्च्यांची भानगड तर अशी की उन्हाळ्यात ट्रॅक मोकळा करायला खालच्या खुर्च्या मागं सरकवायच्या आणि फुटबॉलला परत पुढं आणायच्या, त्याला वर्षाला ३ लाख पौंड लागतील असा अंदाज होता आणि खर्च गेला ८० लाखांवर. म्हणजे वर्षाचं भाडं २५ लाख आणि नुसत्या खुर्च्या हलवायला ८०! वर कॉर्नरचे झेंडे आणि गोलपोस्ट पण घरमालकानंच द्यायचे असं करारात. वेस्ट हॅमच्या बाजूनं ज्यानं करार लिहिला त्याला आपल्या क्लबात घ्यायला पायजे, खजिनदार पद मी आजच सोडतो.

उलटं झालं इंग्लंडातल्याच कोव्हेंट्री क्लबचं. त्यांनी स्वतःचं जुनं ग्राउंड विकलं, २००५ ला नव्या स्टेडियमात भाडेकरू म्हणून गेले, भाडं वर्षाला साधारण १३ लाख पौंड. टीम २०१२ ला तिसऱ्या पातळीवर घसरली, प्रेक्षक कमी, भाडं तेवढंच. मग भाडं थांबवलं, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१३-१४ चा सीझन घरच्या मॅच नॉर्थम्प्टनला, पन्नासेक किलोमीटरवर. म्हणजे पेठेतल्या टीमनं घरची मॅच सांगलीत जाऊन खेळायची, विचार करा काय दंगा होईल. शेवटी २०२५ मध्ये त्यांनी ते स्टेडियम विकत घेतलं तेव्हा कुठं सुटका झाली. भाडं उत्पन्नाबरोबर खालीवर व्हायला पायजे ही अट किती कामाची आहे ते इथं कळतं. आपल्याकडं पण फेब्रुवारी-मार्चला परीक्षा आल्या की संध्याकाळचे स्लॉट निम्म्यावर येतात, आणि शाहू स्टेडियमवर पेठांची फायनल असली की त्या दिवशी टर्फवर कुत्रं फिरकत नाही.

मॅन्चेस्टर सिटीचं स्टेडियम पण त्यांचं स्वतःचं नाही, तिथल्या पालिकेचं आहे, पण करार २५० वर्षांचा. २५० वर्षं हातात असली की भाडेकरू स्वतःच्या खिशातनं नवीन स्टँड बांधतो, कारण वापरणार तोच. अकरा महिन्यांत कोण काय बांधणार, झाडू मारला तरी मेहेरबानी.

हे सगळं मालकाला सांगितलं, वेस्ट हॅमसकट. तो हसला आणि म्हणाला "मर्दा, ते लंडन आहे, इथं फुलेवाडीच्या पुढचं बोल." तरीपण सहीच्या आधी दोन गोष्टी लिहून घेतल्या. एक, आम्ही लावलेले एलईडी लाइट आमचे, खांब त्यांचे. करार वाढला नाही तर आठही फिटिंग आम्ही काढून नेणार आणि जुने परत बसवून देणार, जुने त्यांच्याच शेडमध्ये पोत्यात बांधून ठेवलेत. दुसरं, गोंद आणि रबर काय परत नेता येत नाही म्हणून त्या खर्चापोटी एक महिन्याचं भाडं माफ मागितलं, अर्धं मिळालं. जाळीवर मात्र तो ऐकलाच नाही, जाळी लावली की ती ग्राउंडची.

सर्व्हिस म्हणाल तर मालक फोन उचलतो, ही जमेची बाजू. पाण्याचा बोअर चांगला आहे, एप्रिलच्या दुपारी टर्फ तापून चपलीतनं चटका बसतो तेव्हा शिंपडायला उपयोगी पडतो (अर्ध्या तासात परत तापतं ते वेगळं). एक कोपरा आहे जिथं पाणी साचतं, बाहेरची गटर बुजलीय, ती काढून देतो म्हणाला होता, अजून काढतोयच. आणि सगळ्यात वैताग म्हणजे पाव्हण्यांचे फुकट स्लॉट. "भाचा आलाय, तासभर खेळू दे" म्हणायचं आणि शनिवारी रात्री आठचा स्लॉट जायचा, जो हजाराला विकला असता. करारात फुकट स्लॉट महिन्याला किती ते आकड्यात लिहा, लाजू नका. टॉयलेट एकच आहे, त्यावर न बोललेलं बरं.

पालकांची तक्रार एकच, रबराचे दाणे. सॉक्समधनं, बॅगेतनं, वॉशिंग मशीनमधनं, एका ताईंना तर भाताच्या कुकरपाशी सापडले म्हणे. गेटवर एक जुना पायपुसणं-ब्रश ठेवलाय, पोरांनी शूज झाडल्याशिवाय बाहेर जायचं नाही असा नियम केलाय, दाणे पण वाचतात. लांब स्टडचे शूज बंद केलेत, त्यावरनं मोठ्या पोरांशी रोज वाद.

पैशाचं म्हणाल तर पोरांची फी आणि रात्रीचे स्लॉट मिळून भाडं, बिल आणि कोचचा पगार निघतो, दुरुस्तीचा खर्च अजून निघालेला नाही. मे अखेरीला करार संपतोय. आम्ही तीन वर्षांचा मागितलाय, वर्षाला ५ टक्के वाढ चालंल म्हणून, लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत त्याच पाव टक्क्यात बसतं त्यामुळं खर्चाची अडचण नाही. मालक अकराच म्हणतोय, तीन वर्षं दिली तर तुम्ही उठणारच नाही असं त्याला वाटतंय. कुणी तीन वर्षांचा करार असा केला असंल आणि मालकाला कसं पटवलं ते माहीत असंल तर सांगा, आणि कुणाला २०० वॅटची आठ फिटिंग जूनमध्ये लागणार असतील तर पण विचारून ठेवा.