क्यूब साइटवर फोडायचे की शहरातल्या लॅबला पाठवायचे?

शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्र किंवा नाल्यावरचा छोटा पूल, सरकारी काम कोणतंही असो, वर्क ऑर्डर हातात पडली की काँक्रीटची ताकद तपासायला साच्यात भरलेले ठोकळे, म्हणजे क्यूब, कुठे फोडायचे हे गुत्तेदाराच्या माणसाला ठरवावंच लागतं. ग्रामसडक योजनेच्या कामात साइटवर लॅब लागतेच आणि काही निविदांत ठरावीक चाचण्या बाहेरूनच करून आणायच्या असतात, म्हणून निविदेतली ती पानं आधी वाचा. पुढचं लिखाण निवड खरोखर आपल्या हातात असेल त्यांच्यासाठी आहे.

बाहेरच्या लॅबची बाजू आधी सांगतो, कारण ती कमकुवत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता किंवा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा शिक्का असला की बिल अडत नाही. सळईचा ताण आणि पुनर्वाकण, सिमेंटची रासायनिक तपासणी, डांबराच्या बहुतेक चाचण्या साइटवर करण्याच्या भानगडीत पडूच नये. क्यूब बुडवून ठेवायच्या पाण्याच्या टाकीचं तापमान २७ अंशांच्या दोन अंश अलीकडे-पलीकडे ठेवणंही लॅबलाच जमतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. गरम पाण्यात क्यूब सात दिवसांना झकास आकडा देतो आणि अठ्ठावीस दिवसांना तोच रखडतो. साइटवर टाकी बांधायचीच असेल तर झाडाखाली किंवा जाड भिंतीच्या खोलीत बांधा आणि तिच्यात दहा रुपयांचा नको, चांगला थर्मामीटर ठेवा.

आता वाहतूक. किनवट किंवा पाथरीकडून निघालेला क्यूब ओल्या पोत्यात गुंडाळलेला आणि चाचणीच्या किमान एक दिवस आधी पोचलेला हवा. प्रत्यक्षात तो उघड्या टेम्पोत सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर पडून येतो आणि वाळतो. वाळलेला क्यूब ओल्यापेक्षा जास्त आकडा देतो, त्यामुळे याबद्दल तक्रार कोणीच करत नाही! कोपरे उडालेले क्यूब मात्र कमी आकडा देतात आणि त्यावर पत्रव्यवहार सुरू होतो.

साच्यांचा हिशोब दोन्हीकडे सारखाच चुकतो. बीमसह ४० घनमीटरचा स्लॅब असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे चार नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे अठ्ठावीस दिवसांसाठी बारा. सात दिवसांचेही तेवढेच हवे असतील तर एका दिवसात चोवीस साचे लागतात. साइटवर सहा असतात. मग सहाच भरतात आणि बाकीचे नंतर ‘तयार होतात’. १५० मिमीचा साचा तीन थरांत, प्रत्येक थराला ३५ ठोके, हे मजुराला एकदा समोर उभं राहून करून दाखवा. क्यूबसाठी वेगळा जाडसर माल कालवला जात असेल तर पुढे कितीही मान्यताप्राप्त मशीन असो, फुटणार तो खोटाच क्यूब.

इथपर्यंत पारडं बाहेरच्या लॅबकडे झुकलेलं वाटेल. माझ्या दृष्टीने ते पालटतं एका किरकोळ दिसणाऱ्या कटकटीमुळे: वाळूतलं पाणी.

नदीची वाळू लिलावात अडकते, म्हणून आता बहुतेक कामांवर धुतलेली क्रश सँड येते, ती थेट निथळत. ढिगाचा वरचा थर दुपारपर्यंत कोरडा आणि तळ चिंब असतो. ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटर पाणी आणि ८५ किलो वाळू धरली आहे समजा. सकाळी ढिगातून चार-पाच ठिकाणची मिळून ५०० ग्रॅम वाळू कढईत गॅसवर भाजली आणि ४७५ ग्रॅम उरली, तर ओलावा ५.३ टक्के. मिक्स डिझाइनमध्ये (मालाचं प्रमाण ठरवलेल्या कागदात) शोषण, म्हणजे वाळूचे कण स्वतःत मुरवतात ते पाणी, १.३ टक्के दिलं असेल तर मोकळं पाणी ४ टक्के, म्हणजे ८५ किलोत सुमारे ३.४ लिटर. ते वजा न करता मिक्सरवाल्याने पूर्ण २५ लिटर ओतले की पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० वरून ०.५७ वर जातं. स्लॅब छान पसरतो, मिस्त्री खूश, आणि ताकद चौरस मिलिमीटरला चार-पाच न्यूटनने घसरू शकते. वजनाऐवजी फर्म्याने (मापाच्या पेटीने) मोजत असाल तर ओलाव्याने वाळू फुगते तो फुगवटा वेगळाच: मापाच्या नळीत २०० मिलिपर्यंत सैल भरलेली ओली वाळू पाणी घालून ढवळल्यावर १६० वर बसली तर फुगवटा २५ टक्के, म्हणजे तो धरला नाही तर प्रत्येक घाणीत वाळू २० टक्के कमी पडते.

हे आकडे शहरातली लॅब देऊच शकत नाही. पिशवीतून पाठवलेल्या वाळूचा ओलावा कळेपर्यंत ती वाळू स्लॅबमध्ये गेलेली असते. सात दिवसांचा अहवालही बहुधा पुढचा स्लॅब ओतून झाल्यावर येतो, आणि त्यात फक्त आकडा असतो. क्यूब कसा फुटला, खडी चिरली की नुसती मसाल्यातून सुटली, हे लिहिलेलं नसतं. साइटवर शाखा अभियंत्यासमोर फुटलेला क्यूब दुसऱ्या दिवशीचं काम थांबवू शकतो.

साइट लॅबचा खरा धोका रजिस्टर. महिनाभर रोज स्लम्प (साचा उचलल्यावर ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते) १०० मिमी, एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेला दिसला की दक्षता पथकाला पुढे काही बघावं लागत नाही. मशीनवरचा भारही मनाने वाढवतात; १५० मिमीच्या क्यूबला मिनिटाला सुमारे ३१५ किलोन्यूटन हा वेग, घाई केली की आकडा फुगतो. मशीन बरोबर आकडा दाखवतं ना याची वर्षाची तपासणी, म्हणजे कॅलिब्रेशन, चुकलं तर सगळे निकाल वादात जातात.

अंगणवाडीसारखं एका स्लॅबचं काम असेल तर मशीनचा खर्च कदाचित परवडणार नाही. तिथे क्यूब बाहेर पाठवा, हरकत नाही. काँक्रीट महिनोन्महिने चालणार असेल तर मात्र मी साइटवरच फोडेन आणि अठ्ठावीस दिवसांच्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या नमुन्याचे जोड क्यूब पडताळणीला शहरात देईन. दोन्ही परिस्थितींत वजनकाटा, कढई, गॅस, २५० मिलिची नळी आणि मिक्सरजवळ खुणा केलेली पाण्याची बादली साइटवर हवीच, आणि भाजलेल्या वाळूचा आकडा मिक्सर सुरू होण्याआधी फळ्यावर लिहिलेला हवा, म्हणजे बादली कोणत्या खुणेपर्यंत भरायची हे मिक्सरवाल्याला विचारावं लागत नाही.