त्स्वीबाक की क्नेकेब्रोट: कोणता कुरकुरीत पाव कशासाठी घ्यावा

जर्मनीत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला तिथल्या किराणा दुकानात कुरकुरीत पावाचे दोन प्रकार हमखास दिसतात: त्स्वीबाक आणि क्नेकेब्रोट. दोन्ही कोरडे, दोन्ही टिकाऊ आणि दोन्हीच्या चकतीचे वजन साधारण 10 ग्रॅम असल्यामुळे, एकाऐवजी दुसरा घेतला तरी चालेल असे सहज वाटते. माझ्या मते तसे चालत नाही, कारण हा कोरडेपणा दोघांना अगदी वेगळ्या वाटेने आलेला असतो आणि त्यांचे उपयोगही त्यावरूनच ठरतात.

त्स्वीबाक या शब्दाचा अर्थच ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. मैदा, यीस्ट, साखर, स्निग्ध पदार्थ आणि अनेकदा दूध किंवा अंडे घालून प्रथम एक मऊ, गोडसर पाव भाजतात; त्याला ‘आइनबाक’, म्हणजे एकदा भाजलेला, असे म्हणतात. हा पाव लगेच कापत नाहीत. सुमारे एक दिवस तो तसाच ठेवल्यावर आतला ओलावा सगळीकडे सारखा पसरतो, गाभा घट्ट होतो आणि मगच न फाटता त्याचे काप पडतात. हे काप पुन्हा भाजले की उरलेले पाणी निघून जाते आणि पृष्ठभाग सोनेरी होतो. मात्र फुगलेल्या पावाची बारीक छिद्रे तशीच राहतात, आणि त्यामुळे हा काप चहात किंवा दुधात बुडवताच द्रव शोषून घेतो. आपल्याकडे बेकरीतला टोस्ट चहात बुडवून खाणाऱ्यांना ही चव अनोळखी वाटणार नाही. हेसन प्रांतातील फ्रिडरिक्सडोर्फ हे फ्रान्समधून आलेल्या ह्युगनो (फ्रेंच प्रोटेस्टंट) निर्वासितांनी वसवलेले गाव त्स्वीबाकसाठी प्रसिद्ध झाले, तर 1912 मध्ये हागेन येथे सुरू झालेल्या ब्रांट कंपनीचे नारिंगी पाकीट आज जर्मनीत घरोघरी ओळखले जाते.

क्नेकेब्रोट मूळचा स्वीडनचा. जर्मनीत त्याचा पहिला कारखाना 1927 मध्ये बर्लिनमध्ये निघाला आणि 1931 मध्ये तो माग्डेबुर्गजवळच्या बुर्ग या गावी गेला. ‘बुर्गर क्नेके’ हे नाव तिथूनच आले. हा पाव बहुधा रायच्या अख्ख्या पिठाचा असतो. (राय हे गव्हाच्या जवळचे, थंड हवेत येणारे धान्य आहे, मोहरीच्या राईशी त्याचा संबंध नाही.) पीठ पातळ लाटून, त्यावर खळगे उमटवून, कडक आचेवर थोडाच वेळ भाजतात आणि मग वाळवतात.

पोषणाच्या दृष्टीने दोघांतील फरक मोठा आहे. 100 ग्रॅम त्स्वीबाकमध्ये साधारण 400 किलोकॅलरी आणि 10 ग्रॅमहून अधिक साखर असते. रायच्या अख्ख्या पिठाच्या क्नेकेब्रोटमध्ये तेवढ्याच वजनाला सुमारे 350 किलोकॅलरी, अगदी थोडी साखर आणि 15 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. त्यामुळे हाताला हलका लागतो म्हणून त्स्वीबाक हा वजन कमी करण्याचा पदार्थ समजणे चुकीचे आहे. रोजच्या नाश्त्यासाठी, विशेषतः मधुमेह किंवा बद्धकोष्ठता असलेल्यांनी, या दोहोंत क्नेकेब्रोटच निवडावा. गव्हातील वा रायमधील ग्लुटेन न चालणाऱ्यांना मात्र साधारणपणे दोन्ही वर्ज्य आहेत.

पोट बिघडले असेल तेव्हा निवड नेमकी उलटी होते. उलटी-जुलाबानंतर चहा आणि त्स्वीबाक देण्याची जर्मन घरांतली जुनी पद्धत आहे, आणि ती समजण्यासारखी आहे: तंतू कमी असल्याने आणि तोंडातच विरघळत असल्याने तो पचायला सोपा जातो. तरीही आधी पाणी आणि क्षार, म्हणजे आपली जलसंजीवनी, आणि त्यानंतरच त्स्वीबाक, हा क्रम कृपया बदलू नये. कोमट दुधात कुस्करलेला त्स्वीबाक लहान मुलांनाही देतात, पण एक वर्षाखालील बाळासाठी साखर न घातलेला प्रकारच शोधावा.

स्वयंपाकात त्स्वीबाक अधिक कामाचा आहे. त्याचा चुरा वितळलेल्या लोण्यात कालवून चीजकेकचा तळ करतात. दूध-अंड्यात भिजवलेले काप सफरचंदाच्या फोडींबरोबर थरांत रचून भट्टीत भाजले की उत्तम गोड पदार्थ होतो. क्नेकेब्रोटची जागा संध्याकाळच्या थंड जेवणात आहे. त्यावर लोणी लावले की ते खळग्यांत बसते. वर चीजचा काप, किंवा क्वार्क (चक्क्यासारखे मऊ, ताजे चीज) आणि चिरलेली कांद्याची पात. ज्या क्वार्कचे तिकडची मराठी घरे श्रीखंड करतात, तोच हा. चहात बुडवायला मात्र क्नेकेब्रोट घेऊ नये, तो चामट होतो.

दोन्ही हवेतला ओलावा लगेच ओढून घेतात, म्हणून पाकीट उघडल्यावर घट्ट झाकणाचा डबा हवा. सादळलेले काप मंद भट्टीत काही मिनिटे ठेवले की पुन्हा कुरकुरीत होतात. घरात एकच पाकीट ठेवायचे असेल, तर मी रायचा क्नेकेब्रोट ठेवीन. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर त्स्वीबाकचे एक पाकीट वेगळे ठेवावे.