जेल रोडचा कथक क्लास : घाई असेल तर जाऊ नका

नोटप्रेसमधून निवृत्त झाल्यापासून नातीला कथकला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आहे. नाशिकच्या जेल रोडला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ताई क्लास घेतात. पाटी नाही, जाहिरात त्यांना आवडत नाही, म्हणून नाव मीही लिहीत नाही. आसपास विचारलंत तर कोणीही घर दाखवेल.

आधीच्या क्लासने नातीला तीन महिन्यांत गॅदरिंगच्या स्टेजवर चढवलं होतं. फोटो झकास आले. पण तीनतालात सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येते विचारलं तर पोर गप्प! इथे पहिले सहा महिने नुसतं ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ आणि हस्तक, म्हणजे हातांच्या ठरावीक हालचाली. सूनबाई वैतागली, “पैसे भरून एवढंच?”

एवढंच, पण पक्कं. नवीन तुकडा (बोलांची छोटी रचना) दिला की मुली आधी मांडी घालून बसतात आणि हातावर टाळी-खाली धरून बोल म्हणतात. याला पढंत म्हणतात. तीनतालाच्या सोळा मात्रा, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे तिथे टाळी द्यायची नाही. ठाय (संथ) लयीत बसलं की दुगुन, म्हणजे दुप्पट वेगात. तिहाई (तीनदा म्हणायचा शेवटचा बोल) समेवर येत नाही तोवर पायांवर उभं राहायचंच नाही. वह्या आहेत, पण त्या घरी गेल्यावर आठवून लिहायच्या. मोबाइलवर शूटिंग करायला सक्त मनाई. त्यावरून पालकांच्या ग्रुपवर बरंच रण माजलं. माझं मत ताईंच्या बाजूने आहे. व्हिडिओ हाताशी असला की पोरं हात कसा फिरला तेवढं उचलतात, लय ऐकतच नाहीत.

तुकडा शिकवताना तो कुणाकडून आला हे ताई आदराने कानाच्या पाळीला हात लावून सांगतात. त्यांच्या गुरू पुण्याच्या, कथक नृत्यांगना रोहिणी भाटे यांच्या शिष्या. भाटेंनी १९४७ साली नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली. त्या लच्छू महाराजांकडेही शिकल्या आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडेही. ही सगळी नावं आमच्या नऊ वर्षांच्या पोरीला पाठ आहेत. रस्त्यात बोल म्हणताना ती मधेच कान धरते, आणि किराणावाल्याला वाटतं आजोबांनी शिक्षा केलीय.

घुंगरू वर्षभराने मिळाले. तेही तयार नाहीत. प्रत्येकीने दोरीत स्वतः ओवायचे, दर घुंगरापाशी गाठ मारायची. गाठ सैल दिसली की पूर्ण दोरी सोडून पुन्हा. आयुष्यभर नोटा तपासलेल्या माणसाला हा कारभार पटला नाही तरच नवल.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना ताई उशिरा बसवतात. प्रारंभिकचं (पहिल्या परीक्षेचं) सर्टिफिकेट लवकर हवं असेल तर दुसरीकडे बघा. (ज्या पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांनीच पुढे आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रम सुरू केला. हे किती नाशिककरांना माहीत असतं?)

तक्रारी आहेतच. पालकांना बसायला जागा नाही, जिन्यावर ताटकळावं लागतं. जिना अरुंद, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. सुट्टीचा निरोप ऐनवेळी येतो. लहरा (नाचाला ताल धरून देणारी धून) मोठ्या मुली पेटीवर धरतात, आणि कधीकधी त्यांचीच लय सुटते.

फी महिना नऊशे, तीन महिन्यांची एकदम. शनिवारची बॅच भरलेली आहे. बुधवारी संध्याकाळी दोन-तीन जागा आहेत असं परवा कळलं. दुचाकी गेटच्या आत लावू नका, घरमालक ओरडतात.