दहा गाड्यांचा तळ की दोघांची बैठक? कायोटीच्या शिकारीला निघण्यापूर्वी

थंडी पडली की ॲरिझोनातल्या शिकारी मंडळींकडून निरोप येऊ लागतात. जानेवारीतल्या एखाद्या शनिवार-रविवारी विलकॉक्स गावाच्या आसपासच्या सरकारी माळावर दहा-बारा गाड्यांचा तळ पडणार असतो, दोन दिवस कायोटी या कोल्ह्यासारख्या जनावरामागे हिंडायचे असते आणि रात्री शेकोटी असते. गेल्या दोन वर्षांत फिनिक्स परिसरातल्या तीन-चार मराठी मित्रांनी मला विचारले की अशा तळावर जावे, की एखादा जोडीदार गाठून आपले आपण निघावे. मी आजवर असे तीन तळ केले आहेत आणि त्याहून पुष्कळ अधिक पहाटा दोघांनीच बसून काढल्या आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहितो. रायफल कोणती घ्यावी, कॉलर (सावजाचे आवाज काढून जनावराला जवळ बोलावणारे यंत्र) कोणता बरा, हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

तळाच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्याचे माझ्यावर खरोखर ऋण आहे. पहिल्या वर्षी मी एकट्याने आठ वेळा गेलो आणि आठही वेळा रिकाम्या हाताने परतलो. माझे काय चुकते आहे हे सांगणारे शेजारी कोणीच नव्हते. पहिल्या तळावर एका वयस्कर शिकाऱ्याने मला अर्ध्या तासात दाखवून दिले की मी वाऱ्याकडे तोंड करून बसत होतो खरा, पण कायोटी आवाजाला वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतो आणि ती बाजू मी प्रत्येक वेळी झुडपांच्या आड ठेवत होतो. त्याने चिमूटभर धूळ हवेत सोडली, ती माझ्या पाठीमागच्या मेस्किटच्या जाळीत शिरली आणि तो म्हणाला, "तुझे सगळे कायोटी तिथून येऊन गेले." आपल्याकडची वेडी बाभूळ याच मेस्किटच्या कुळातली, त्यामुळे तिच्या जाळीत जनावर कसे दिसेनासे होते हे मला लहानपणापासून ठाऊक होते; तरीही ते कोणी बोट ठेवून दाखवेपर्यंत सुचले नाही.

कातडे सोलणेही मी तिथेच शिकलो. इथल्या रानात उंदीर-सशांच्या पिसवांमधून प्लेगचे जंतू फिरतात आणि सशांमध्ये ट्युलरेमिया हा माणसालाही होणारा आजार आढळतो, त्यामुळे मारलेले जनावर आधी प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून, पिसवांचे औषध फवारून पिशवी बांधून ठेवायची आणि मगच हातमोजे चढवून सुरी लावायची, ही शिस्त माझ्या अंगी बाणली ती त्या माणसाला ते करताना पाहूनच. छापील सूचना मी त्याआधीही वाचल्या होत्या. पण थंडीने बधिर झालेल्या हातांनी, अंधार पडत आला असतानाही त्याने वेळेपूर्वी पिशवीची गाठ सोडली नाही, हे पाहिल्यावर ती गोष्ट पक्की डोक्यात बसली. शिवाय कोरड्या ओढ्याच्या वाळूत गाडी रुतली तर ओढून काढणारी दुसरी गाडी तळावर असते, आणि ज्या भागात मैलोगणती फोनला रेंज नसते तिथे ही सोय लहान म्हणता येणार नाही.

तळाच्या उण्या बाजूंपैकी काही अशा आहेत, ज्यांची आधी माहिती असली तर सांभाळता येतात. ॲरिझोनात 2019 पासून कायोटीसारखी शिकारी जनावरे मारण्याच्या, बक्षिसे लावलेल्या स्पर्धांना बंदी आहे. तरीही एका तळावर शेकोटीपाशी कोणीतरी सुचवले की प्रत्येकाने वीस डॉलर काढावेत आणि ज्या जोडीचे कायोटी अधिक त्यांनी ते घ्यावेत. सुचवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण पैसे भरून नावे नोंदवली आणि बक्षीस ठेवले की कायद्याच्या नजरेत ती स्पर्धा ठरू शकते. तिथल्या जुन्या मंडळींनी तो विषय तेव्हाच मिटवला, हे चांगले झाले. असे काही तुमच्यासमोर निघाले तर संकोच न करता बाजूला व्हावे. मला स्वतःला तर आकड्यांची चढाओढ मुळातच पटत नाही. कायोटीवर दाब वाढला की उरलेल्या जनावरांची पिल्ले अधिक संख्येने जगतात असे अभ्यासक सांगतात, त्यामुळे दोन दिवसांत मोठा आकडा गाठून आपण रानावर उपकार करतो हा समज धरू नये. ज्या गोपालकाच्या गाई व्यायला झाल्या आहेत, त्याच्या कुरणाभोवती घिरट्या घालणारी जोडी हटवणे, इतकेच काम खरे कामाचे आहे असे मला वाटते.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी अधिक महत्त्वाची आहे आणि ती तळावर कोणी सांगणार नाही, कारण तिथल्या बहुतेकांना तिचा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. तुम्ही ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक नसाल आणि एच-वन बी किंवा एच-फोरसारख्या व्हिसावर असाल, तर इथल्या संघीय कायद्याप्रमाणे बंदूक वा काडतूस बाळगणे हाच गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांपैकी आपल्या उपयोगाचा म्हणजे इथल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असणे. तळावर माणसे मोकळ्या मनाची असतात, आपली रायफल सहज तुमच्या हाती देतात आणि "एक बार टाकून बघ" म्हणतात. अशा वेळी खिशात परवाना नसेल तर त्यांचा स्नेह तुमच्या व्हिसाला महागात पडू शकतो. "मी फक्त बघायला जातो आहे" असे म्हणून परवाना न काढता तळावर जाऊ नये, आणि मनात थोडीही शंका असेल तर आधी वकिलाला विचारावे.

तळ कुठे पडतो याकडेही लक्ष द्यावे. दहा-बारा गाड्यांना सपाट, उघडी जागा लागते आणि अशी जागा बरेचदा गुरांच्या पाण्याच्या टाक्यांपाशीच सापडते. परंतु पाणी असलेल्या ठिकाणी पाव मैलाच्या आत मुक्काम करून गुरांची आणि रानातल्या जनावरांची वाट अडवणे ॲरिझोनात बेकायदेशीर आहे. दोघांच्या एका तंबूला हा प्रश्न क्वचितच पडतो.

बंदुकांच्या सुरक्षिततेबद्दल मी सांभाळून बोलतो, कारण मी पाहिलेल्या तिन्ही तळांवर माणसे अतिशय जबाबदार होती. तरीही पॉइंट टू-टू-थ्री रायफलची गोळी मैलाच्या पलीकडे सहज जाते, आणि पुढच्या टेकाडामागे कोण बसले आहे हे नक्की ठाऊक नसताना ट्रिगरवर बोट ठेवायचे म्हणजे मनावर एक ओझे राहते. दोघेच असताना जोडीदार डावीकडे पंधरा पावलांवर आहे आणि त्यापलीकडे माणूस नाही, एवढे एकदा ठरवले की ते ओझे उतरते.

माझा कौल मात्र यांपैकी कशानेही फिरला नाही. तो फिरला दुसऱ्याच्या सशामुळे.

दुसऱ्या तळाचा रविवार होता. सातच्या सुमारास, सूर्य अजून वर यायचा होता आणि नळीवर दहिवर साचले होते, तेव्हा आम्ही एका कोरड्या ओढ्याच्या काठावर बसलो. वारा पश्चिमेचा, तोंडावर. कॉलर चाळीस पावले पुढे एका झुडपाच्या बुंध्याशी. मी सशाचा आक्रोश लावला. सहाव्या-सातव्या मिनिटाला समोरच्या काठावर कायोटी आला, अडीचशे मीटरवर, दुडक्या चालीने, कान पुढे. तो आणखी शंभरेक मीटर जवळ आला असता तर नेम निश्चित होता. तेवढ्यात तो थबकला आणि त्याचा एक कान डावीकडे वळला. मग मलाही ऐकू आले. टेकाडापलीकडून तोच ससा रडत होता. तीन लांब किंकाळ्या, क्षणभर शांतता आणि मग तुटत जाणारा हुंदका. माझ्या यंत्रात भरलेला तोच आवाज, काही सेकंद मागे. तळावरची दुसरी जोडी पलीकडच्या ओढ्यात येऊन बसली होती. कायोटी कुत्र्यासारखा मागच्या पायांवर बसला, एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा टेकाडाकडे. मग उठला आणि धावत नव्हे, सावकाश, शेपटी खाली टाकून दोन्ही आवाजांपासून दूर तिरपा चालत गेला.

जनावर हातचे गेले याचे मला दुःख नव्हते, तशी जनावरे नेहमीच जातात. मला लागले ते एवढेच की ते जनावर आता शहाणे झाले होते. दोन ठिकाणी एकच ससा रडतो म्हणजे तिथे माणसे असतात, हे त्याला कळले होते, आणि ज्या कुरणाच्या मालकाने आम्हाला मोठ्या विश्वासाने येऊ दिले होते त्याचे काम आम्ही सर्वांनी मिळून अवघड करून ठेवले होते.

हा कोणा एकाचा हलगर्जीपणा नव्हता, म्हणून तर ती अडचण मला अधिक गंभीर वाटते. वीस माणसे म्हणजे दहा जोड्या, प्रत्येक जोडी दिवसात सहा-सात बैठका करते (एका जागी दडून कॉलर लावून वाट पाहणे ही एक बैठक), म्हणजे दिवसाकाठी साठ-सत्तर बैठका. दोन बैठकांत निदान मैलभर अंतर असावे म्हटले तर कच्च्या रस्त्याने पोचता येईल एवढी जागा दुपारीच संपते. नकाशावर विभाग पाडून चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि शनिवारी ती शिस्त पाळलीही जाते. पण ज्यांच्या विभागात काहीच हाती लागले नाही ते रविवारी थोडे पुढे सरकतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित सरकलो असतो. त्या दिवसानंतर मी आणखी एक तळ केला आणि त्या तिसऱ्या तळावरही शेजारच्या खोऱ्यातला ससा दोनदा कानी आला.

दोघांनी जाण्यात उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. शिकणे फार संथ होते, कारण दोघांनाही जे ठाऊक नाही ते दोघांनाही ठाऊक नसते. पेट्रोलचा खर्च अंगावर येतो. गाडी रुतली तर फावडे आणि फळ्या स्वतःच्याच हव्यात, आणि कुठे जातो, कधी परततो याचा नकाशा घरी ठेवून निघावे लागते. एकदा टायर फुटल्याने आम्हाला परतायला चार तास उशीर झाला, तेव्हा घरच्यांच्या जिवाला जो घोर लागला तो मी विसरलेलो नाही. संध्याकाळही तुलनेने सुनी असते. दोन माणसे किती बोलणार, आठ वाजता तंबूत शिरायचे.

त्याच्या बदल्यात मिळते ती शांतता आणि वेळ. जागा मनाजोगती निवडता येते, वारा फिरला तर कोणाला न विचारता उठता येते, आणि एखाद्या बैठकीला वीसऐवजी चाळीस मिनिटे द्यावीशी वाटली, बॉबकॅट या रानमांजरासाठी तशी द्यावीच लागतात, तर कोणाचा खोळंबा होत नाही. जनावर नीट ओळखायलाही वेळ मिळतो. हे विशेषतः पूर्व ॲरिझोनात जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, कारण तिथल्या ब्लू रेंज भागात 1998 मध्ये मेक्सिकन लांडगे पुन्हा सोडले गेले, त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि धूसर उजेडात लांडग्याचे अर्धवट वाढलेले पिल्लू कायोटी म्हणून मारले गेले तर चूक झाली म्हणून सुटका होईल असे धरू नये. लांडग्याचे तोंड रुंद, कान आखूड व गोलसर, पाय थोराड. ही खूण शांतपणे पडताळायची, शंका आली तर रायफल खाली ठेवायची आणि जनावर नुसते पाहत राहायचे, हे दोघांत जितके सहज घडते तितके तळावरच्या उत्साहात घडत नाही, असे मला वाटते. दोन बैठकांच्या मध्ये गाडीच्या सावलीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मागची बैठक कुठे चुकली याची जी चर्चा होते, तिचाही मला हळूहळू तळावरच्या धड्यांइतकाच उपयोग होऊ लागला.

ज्यांनी अद्याप एकही कायोटी जवळ आलेला पाहिलेला नाही त्यांनी एकदा तळावर अवश्य जावे, शनिवारभर एखाद्या जाणत्याच्या मागे राहावे आणि शक्य तर रायफल न उचलता बघावे. निमंत्रण देणाऱ्याला आधी दोन गोष्टी विचाराव्यात, गाड्या किती येणार आणि विभाग कसे वाटणार. सहा-सातपेक्षा अधिक गाड्या आणि "ज्याला जिथे वाटेल तिथे" असे उत्तर आले तर मी तरी जाणार नाही. ज्यांना वारा कळू लागला आहे त्यांनी मात्र आता जोडीदार शोधावा, आणि तो शोधायला तळाइतकी चांगली जागा नाही हेही खरे. मला माझा जोडीदार पहिल्या तळावरच भेटला. धूळ सोडून वारा दाखवणारा आणि पिशवीची गाठ न सोडणारा तो वयस्कर शिकारी तोच.

यंदाचे आमंत्रणही आले आहे. शनिवारी रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघे येऊ आणि दशम्यांचा डबा घेऊन येऊ, असे मी कळवले आहे. रविवारी पहाटे आम्ही तळापासून चाळीस मैल लांबच्या एका कुरणात बसणार आहोत, जिथे फेब्रुवारीत गाई व्यायला सुरुवात होते.